तेरा मैल आणि एक डाव

टोर्सबी, मिनेसोटा
मंगळवार, २ मार्च २०१०

प्रिय लोवेल,

हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगतो, नाहीतर कुणी आजारी पडलं किंवा गेलं असं समजून घाबरशील. माझी तब्येत ठणठणीत आहे. डावा गुडघा सोडला तर.

काम असं, की वरच्या कौन्सिलकडून जिल्ह्याला विचारणा आली आहे: बुद्धिबळासाठी स्काउटांना वेगळा बॅज असावा की नाही, मत कळवा. जिल्ह्याच्या समितीत आम्ही तीन म्हातारे. बाकीचे दोघे म्हणाले, "हार्लन, तूच लिही बाबा, तुझा मुलगा त्यातलाच ना?" आणि कागद माझ्या गळ्यात मारून कॉफी प्यायला गेले. अहवाल तीस एप्रिलपर्यंत द्यायचाय. मी काय लिहिणार, डोंबल? मला घोडा कसा चालतो तेही माहीत नाही. तू तिकडे सेंट लुईसला शाळाशाळांतून हेच शिकवतोस, तेव्हा तुझं मत घ्यावं असं ठरलं. समितीचं ठरलं.

माझं मत विचारशील तर सरळ सांगतो. चाळीस वर्षं मी पोरांना बॅज दिले. तंबू, होडी, प्रथमोपचार, सुतारकाम, वीस मैल चालणं. ज्यात अंग भिजतं, पायाला फोड येतात, डास फोडून काढतात, ते स्काउटिंग. खुर्चीत बसून लाकडी बाहुल्या सरकवायला बॅज द्यायचा तर उद्या पत्त्यांना द्या, परवा झोपा काढायला द्या. शिवाय स्काउटची विद्या वेळेला कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे. बुडणाऱ्याला बाहेर काढता येतं, मोडक्या हाताला फळी बांधता येते. पटापाशी बसून कुणाचा जीव वाचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हे शेवटचं वाक्य अहवालात घालणार आहे. बरं जमलंय असं मला वाटतं.

आमच्या पथकात हे खूळ आणलं मेंग लोरनं. तेरा वर्षांचा आहे, आईबाप टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. सोमवारी चर्चच्या तळघरात पथक जमतं तेव्हा हा कोपऱ्यात पट मांडतो आणि गाठी शिकायचं सोडून सहा पोरं त्याच्याभोवती. मी ओरडलो तर म्हणतो, "मिस्टर ई, गाठी तर यूट्यूबवर पण येतात." आता बोल.

तर उत्तर धाड. कार्डावर दोन ओळी पुरेत.

हार्लन एंगेब्रेट्सन
स्काउटमास्तर, पथक ४१


सोमवार, २२ मार्च

प्रिय लोवेल,

उत्तर नाही. असू दे. रस्त्यांवर अजून बर्फ आहे, टपाल उशिरा जातं. (सेंट लुईसला बर्फ नाही हे मला ठाऊक आहे.)

पत्ता चुकला की काय म्हणून तुझ्या आईची वही पुन्हा काढली. आर्डिसनं सगळ्यांचे पत्ते शाईनं लिहिलेत आणि तुझा तेवढा पेन्सिलीनं. पाच वेळा खोडून सहाव्यांदा लिहिलाय. घरं बदलतोस तेवढी मी बूट बदलत नाही. ती गेल्यापासून सहा वर्षांत सातवा पत्ता झाला असेल तर मला कळायला मार्ग नाही, कारण रविवारचा तो फोन तू तिला करायचास. मी नुसता पेपर वाचत बसायचो, आणि तू काय बोलतोयस ते ती मध्येमध्ये मोठ्यानं म्हणून दाखवायची. मला ऐकू यावं म्हणूनच ती तसं करायची. मी पान उलटायचो नाही, हे तिला दिसायचं बहुतेक.

बरं, कामाचं. मी बुद्धिबळ शिकतोय. हसू नकोस. मेंग म्हणाला, "ज्याला खेळता येत नाही त्यानं अहवाल लिहायचा, हे काही बरोबर नाही, मिस्टर ई." म्हटलं, मग शिकव. आता रोज शाळा सुटली की पोरगा आपल्या हार्डवेअरच्या दुकानात येतो आणि आम्ही रंगाच्या डब्यांवर पट ठेवून बसतो. अकरा डाव झाले, अकराही हरलो. शुक्रवारी मी उंटाला हात लावला, मग लक्षात आलं की घोटाळा होतोय, आणि हळूच वजिराकडे वळलो.

"हात लावलात, आता उंटच चालवायचा."

"अरे, मी तो नुसता सरळ करत होतो."

"नियम आहे."

"एवढं काय त्यात? म्हातारा माणूस मी."

"तुम्हीच म्हणता ना, नियम म्हणजे नियम?"

मुकाट्यानं उंट चालवला. वजीर गेला.

नियमावरून आठवलं. तुला वाटत असेल, म्हाताऱ्याला एकोणीस वर्षांनी ती गोष्ट बोलायची असणार आणि बॅजचं नुसतं निमित्त. तसं काही नाही. पण निघालंच आहे म्हणून सांगतो, त्या दिवशी मी चुकीचं वागलो असं मला आजही वाटत नाही. अठरा पूर्ण व्हायच्या आत सगळे बॅज पुरे, तर ईगल, हा स्काउटमधला सगळ्यात वरचा मान. अठरा उजाडलं की दार बंद. हे मी तुझ्याकडून लहानपणी पाठ करून घेतलं होतं. तुझा एकच बॅज राहिला होता, पायी चालण्याचा. एका दिवसात वीस मैल. वर्षभर पुढं ढकललास, कारण दर शनिवारी तुझी कुठली तरी बुद्धिबळाची स्पर्धा. शेवटी उरला १८ मे, वाढदिवसाचा आदला दिवस. सकाळी सहाला निघालास. दुपारी तेराव्या मैलावर थोरवाल्ड मोएनच्या घरी पाणी प्यायला थांबलास, तो म्हातारा पट मांडून बसला होता, तूही बसलास, आणि अंधार पडेपर्यंत बसलास! उरलेले सात मैल, रात्र तिथंच काढून, रविवारी सकाळी चाललास आणि दहा वाजता दारात उभा राहिलास. टेबलावर केक होता. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "तेरा मैलांचा बॅज नसतो."

परीक्षक मीच होतो. दुसऱ्या कुणाच्या मुलाला सही दिली नसती. मग स्वतःच्या मुलाला कशी देणार?

आर्डिस म्हणाली होती, "का थांबला ते एकदा विचार तरी त्याला." मी म्हणालो, खेळायला थांबला, त्यात विचारायचं काय.

असो. मताची वाट बघतो.

हार्लन


रविवार, ११ एप्रिल

प्रिय लोवेल,

कार्ड मिळालं. "हो. द्यावा. लोवेल." तीन शब्द, त्यातलं एक तुझं नाव. दोन ओळी लिही म्हटलं तर तू एकच लिहिलीस. माझाच मुलगा आहेस, शंका नको.

फ्रिजवर लावलंय. समितीचा कागद आहे, हरवायला नको म्हणून.

सरोवरावरचा बर्फ मंगळवारी फुटला. मासेमारीची पेटी काढली, गळ बघायला. खरं सांगायचं तर गळ बघायला नाही. त्या पेटीच्या तळाशी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तुझं निळं कार्ड, चालण्याच्या बॅजचं, सहीची जागा कोरी. मी ते फाडून टाकलं असं तुझ्या आईला सांगितलं होतं. फाडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मागच्या पत्रात लिहायची टाळली. ती तुझी आहे. तू सप्टेंबरात घर सोडून गेलास, त्याच्या आधी जूनमध्ये थोरवाल्ड दुकानात आला होता. वहीतून फाडलेला एक कागद माझ्या हातात दिला. तो आणि त्याचा भाऊ अल्फ दर शनिवारी खेळायचे आणि प्रत्येक डावाची चाल न चाल वहीत उतरवायचे, हे तुला ठाऊक असेलच. हा तुमच्या डावाचा कागद. "मुलगा विसरून गेला," म्हणाला, "त्याला द्या."

मी दिला नाही.

त्या आठवड्यात तू माझ्याशी बोलत नव्हतास, म्हटलं राग जाऊ दे, मग देऊ. मग तू गेलास. मग म्हटलं ख्रिसमसला येईल तेव्हा देऊ. मग ते द्यायचं राहिलं ते राहिलंच, आणि जितकी वर्षं गेली तितकं ते जड होत गेलं. आर्डिसच्या अंत्यविधीला तू आलास तेव्हा तो कागद माझ्या कोटाच्या खिशात होता, लोवेल. आणि मी तुझ्याशी काय बोललो? तर ९४ नंबरच्या रस्त्याचं काम चालू आहे, जाताना दुसरीकडून जा.

मला तो कधी वाचता आला नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. आता थोडं कळायला लागलंय म्हणून मेंगसमोर ठेवला. जुन्या ओळखीच्या माणसाचा आहे एवढंच सांगितलं. त्यानं कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"हे कुठल्या भाषेत आहे, मिस्टर ई?"

"का? बुद्धिबळच आहे ना?"

"असं कुणी लिहीत नाही आता. माझ्या आजोबांच्या आधीचं दिसतंय."

मी म्हटलं, गाठी यूट्यूबवर येतात ना, मग हे पण बघ की तिथं. त्यानं कागदाची नक्कल करून नेली आहे. ग्रंथालयातून जुनं पुस्तकही आणलंय. एकेक चाल नव्या पद्धतीत उतरवून घेतो म्हणाला. एकाहत्तर चाली आहेत. मी त्याला बदल्यात नवा टॉर्च देणार आहे.

आज चर्चच्या जेवणाला बटाट्याचं हॉटडिश होतं, भट्टीतून वाफाळतं आलेलं. तुझ्या आईच्या हाताची सर नाही.

तुझा,
हार्लन


रविवार, २५ एप्रिल

प्रिय लोवेल,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचवं आहे, हे जाणार.

सोमवारी तळघरात बाकीची पोरं घरी गेल्यावर मेंगनं तुमचा डाव पटावर मांडला. पुस्तक बाजूला, कागद बाजूला, एक चाल थोरवाल्डची, एक तुझी. काळी मोहरी तुझी होती. चोविसाव्या चालीपाशी तो थांबला. "हा जो काळा खेळतोय ना," म्हणाला, "तो एकतर फार भारी आहे नाहीतर झोपलाय."

"का रे?"

"हे बघा. घोडा इथं ठेवला असता तर पुढच्या चालीला मात. लहान पोराला पण दिसेल. आणि यानं काय केलं, तर कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढं सरकवलं."

मी म्हटलं, चुकला असेल. मेंगनं पुढं मांडलं. तिसाव्या चालीला पुन्हा मात होती. तू उंट मागे घेतलास. अडतिसाव्याला पुन्हा. तिथं तू वजिरावर वजीर मारून दोन्ही पटाबाहेर काढलेस. मग मारामारी करत करत सगळंच संपवलंस, आणि एकाहत्तराव्या चालीला पटावर दोन राजे उरले. बाकी काही नाही. मेंग बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "मिस्टर ई, याला जिंकायचं नव्हतं, आणि हरायचं पण नव्हतं. याला नुसतं बसायचं होतं."

थोरवाल्डला प्रत्येक चालीला पाइप ओढत विचार करायची सवय, आणि मध्येमध्ये समासात वेळ लिहायची. चोविसाव्या चालीसमोर दोन वाजून दहा मिनिटं लिहिलंय. सव्वादोनला मात देऊन उठला असतास, तरी साडेपाचला घरी पोचला असतास, लोवेल. वीस मैल, एका दिवसात. मी सही केली असती. ईगल तुझ्या छातीवर असता. तू ते सगळं त्या व्हरांड्यात, कोपऱ्यातलं प्यादं एक घर सरकवून सोडून दिलंस, आणि घरी येऊन माझं ते वाक्य ऐकून घेतलंस.

आता माझं ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आर्डिसलासुद्धा नाही.

जूनमध्ये थोरवाल्ड कागद द्यायला आला तेव्हा तो छपराची कौलं आणि खिळे घ्यायलाही आला होता. मी म्हटलं, छप्पर दुरुस्त करतोयस? तर काउंटरवर हात टेकून उभा राहिला. म्हणाला, "हार्लन, अल्फ गेल्यावरचा तो पहिला शनिवार होता. सवयीनं दोघांचा पट मांडला. सकाळीच कुत्रा शेजाऱ्याला देऊन आलो होतो. पुतण्याच्या नावाची चिठ्ठी लोण्याच्या भांड्याखाली ठेवली होती. मी रविवार बघणार नव्हतो. तेवढ्यात तुझा पोरगा पाणी मागायला आला." मग म्हणाला, "रविवारी जाऊन कुत्रा परत आणला." पैसे दिले, कौलं गाडीत टाकली आणि गेला. त्यानंतर अकरा वर्षं जगला तो. दर उन्हाळ्यात काही ना काही दुरुस्तीला न्यायचा.

म्हणजे मला माहीत होतं. तू अजून घरात होतास, वरच्या खोलीत, जिन्याच्या बारा पायऱ्यांवर. मी वर येऊन म्हणायला हवं होतं, पोरा, माझं चुकलं. पण त्याआधी मी कौन्सिलला कळवून बसलो होतो, चर्चमध्ये चारजणांत छाती पुढं काढून सांगून बसलो होतो की नियम म्हणजे नियम, माझा मुलगा असला तरी. लोक म्हणाले होते, माणूस असावा तर हार्लनसारखा. ते मला सोडवेना. खरं कारण एवढंच आहे, आणि ते लिहिताना या वयातही कान गरम होताहेत.

आणि २ मार्चला मी तुला लिहिलं, पटापाशी बसून कुणाचा जीव वाचल्याचं ऐकिवात नाही. ऐकिवात होतं. याच कानांनी ऐकलं होतं. ते वाक्य अहवालातून खोडलंय. बॅज द्यावा असं लिहिलंय. कारण लिहिताना नावं घातली नाहीत. एवढंच लिहिलं, की समोरच्या माणसाजवळ तो उठेपर्यंत बसून राहणं ही विद्या आहे, आणि ती मला कुठल्याच बॅजमध्ये मुलांना शिकवता आली नाही.

सोबत कागद पाठवतोय. एकोणीस वर्षं उशीर झाला. निळं कार्डही आहे. सही केलेली नाही. आता केली तर ती खोटी ठरेल, आणि तसलं खोटं तू घेणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. कार्डाच्या मागं लिहिलंय ते बघ. "मुलगा पास. परीक्षक नापास."

चुकलो रे.

तुझा बाप


बुधवार, १२ मे

प्रिय लोवेल,

तू लिहिलं नाहीस. रागावलेला नाही मी. तुला एकोणीस वर्षं लागली तरी माझं काही म्हणणं नाही, पण गुडघ्याकडे आणि बाकीच्या अवयवांकडे बघता मी तेवढा वेळ असेन की नाही, त्याची खात्री देत नाही.

समितीच्या दोघांनी अहवाल वाचला. एकानं चष्मा पुसला, दुसरा म्हणाला, "हार्लन, हे तू लिहिलंस?" दोघांनी सह्या केल्या. वर काय ठरेल ते ठरेल. मेंगला सांगितलं तर टॉर्च लावून अख्ख्या तळघरात धावला.

दुसरी गोष्ट. थोरवाल्डचा पुतण्या राहतो त्या घरात आता. त्याला विचारून ठेवलंय. शनिवारी, २२ तारखेला सकाळी मी त्या व्हरांड्यात पट मांडून बसणार आहे. दोन खुर्च्या, थर्मासात कॉफी, लोणी लावून थोडे लेफ्से, त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या. तू आलास तर एक डाव खेळू. मग तिथून घरापर्यंत सात मैल आहेत, ते मी तुझ्याबरोबर चालेन. माझ्या चालीनं रविवार उजाडेल कदाचित. घड्याळ घरी ठेवून येणार आहे.

नाही आलास तर तुझ्या बाजूनंही मीच खेळेन. हरलो तरी घरातल्या घरात राहील.

वाढदिवसाच्या शुभेच्छा. सदतीस, नाही का? सरावाला म्हणून एक केक तुझ्या आईच्या वहीत बघून केला होता. मध्ये बसला. मेंगनं खाल्ला.

बाबा


मंगळवार, २५ मे

प्रिय लोवेल,

सुखरूप पोचलास हा निरोप फोनच्या मशिनवर ऐकला. तीन वेळा ऐकला. मशीन जुनं आहे, पहिल्यांदा नीट ऐकू येत नाही.

तुझ्या गाडीवर सेंट लुईसची एवढी धूळ होती, की टपालपेटीपाशी वळलास तेव्हा मी ओळखलंच नाही. मला वाटलं, कोणीतरी अंडी घ्यायला आलंय. मग तू उतरलास, आणि चालण्यावरून ओळखलं. आर्डिससारखा चालतोस, डावा पाय जरा बाहेर. अकरा तास गाडी चालवून आलास आणि म्हणालास काय, तर, "कॉफी आहे?" मीही शहाणा, म्हणालो, "आहे."

दिवसभरात आपण फार बोललो नाही. पण एक बोललो ते मी विसरणार नाही. तू विचारलंस, "कुत्र्याचं तुला कधी कळलं?"

"जूनमध्ये," मी म्हणालो. "तुला?"

"त्याच दिवशी. पायरीवर त्याचं भांडं होतं, त्यात ताजं पाणी होतं, आणि कुत्रा नव्हता. मी विचारलं कुठंय, तर म्हणाला देऊन टाकला. स्वतःचा कुत्रा कोण देऊन टाकतं, बाबा?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

बरोबर आहे. तुझी आईही तेच म्हणाली होती.

त्यानंतर मला काही दिसेना, म्हणून मी उगाच कॉफी ओतली आणि ती पटावर सांडली. तू रुमालानं माझा राजा पुसून परत जागेवर ठेवलास. बास, माझ्यासाठी तेवढ्यावरही दिवस सार्थकी लागला होता.

पण खरी गंमत पुढं आहे. डाव संपला तेव्हा पलीकडच्या शेतावर सूर्य टेकला होता आणि पटावर दोन राजे उरले होते, तुझा आणि माझा. बरोबरी! तू हात मिळवून म्हणालास, "छान खेळलास, बाबा." चालायला वेळच उरला नाही, तुझ्याच गाडीनं दोघं घरी आलो. रविवारी सकाळी तू निघालास आणि मी दिवसभर घरात शीळ वाजवत फिरलो. सेंट लुईसच्या बुद्धिबळाच्या मास्तराशी बरोबरी, तीही तीन महिन्यांच्या अभ्यासावर! चाल न चाल मी लिहून घेतली होती, थोरवाल्डसारखी, वेळेसकट नाही, पण नीट. काल सोमवारी तो कागद घेऊन छाती फुगवून तळघरात गेलो आणि मेंगपुढं टाकला. म्हटलं, बघ, म्हातारा काय चीज आहे.

त्यानं पट मांडला. अकराव्या चालीला थांबला. माझ्याकडे बघितलं. सोळाव्याला थांबला. बाविसाव्याला हसायला लागला.

"मिस्टर ई, तुम्ही अकराव्या चालीलाच मेला होतात."

"काय म्हणतोस?"

"इथं पण. इथं पण. आणि इथं तर दोन्हीकडून." शेवटपर्यंत बोटावर मोजत गेला. "सात वेळा. सात वेळा यानं तुम्हाला मारलं नाही. हा तोच आहे ना? त्या जुन्या कागदावरचा?"

मी म्हटलं, हो, तोच. माझा मुलगा आहे.

"मग एवढा वेळ का लावला त्यानं?"

त्याला काय सांगणार? म्हटलं, त्याला नुसतं बसायचं होतं.

एवढं म्हणालो आणि तिथल्या तिथं, पोराच्या देखत, रडलो. मेंगनं टॉर्च काढून माझ्या हातात दिला. कशासाठी ते त्यालाच माहीत. पण दिला.

तुझी करडी टोपी इथं खुंटीवर राहिली आहे. टपालानं पाठवणार नाही. ते सात मैलही राहिलेत. दोन्हीसाठी ये.

तुझा बाबा